विश्लेषण : शेवटच्या दोन लढती हरूनही खाशाबा जाधव पदकापर्यंत कसे पोहोचले?

हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये १९५२ साली खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरे यायला १९९६ उजाडले. ते टेनिसपटू लिअँडर पेसचे. खाशाबांच्या पदकासाठी कोल्हापुरात एक घर गहाण पडले होते.

मातीतला मल्ल मॅटवर कसा आला?

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. कराडच्या टिळक हायस्कूलमधून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारलेल्या या शहरात कुस्ती म्हणजे तांबडी माती. मातीत निकाल चितपटीवर लागतो. ऑलिम्पिकच्या मॅटवर वेळ ठरलेली आणि निकाल गुणांवरही लागतो. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते गेले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. मॅटचा सराव जवळपास नसलेल्या मल्लासाठी ही कामगिरी लहान नव्हती.

हेलसिंकीचा खर्च कोणी केला?

आधी निवडच अडली होती. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, फेरलढत झाली आणि त्यांनी निरंजन दास यांना हरवले. मग पैशांचा प्रश्न. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, सरकारकडून बऱ्याच विनवण्यांनंतर चार हजार रुपये आले, तरी भागेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी एवढी जोखीम घेणारा प्राचार्य तेव्हाही विरळाच.

पराभवानंतरही पदक कसे?

त्या काळी ऑलिम्पिक कुस्तीत आजच्यासारखी ठरलेली उपांत्य-अंतिम फेरी नव्हती. पराभवाला दोषगुण मिळत. नुसत्या गुणांवर जिंकले तरी एक दोषगुण लागे. चितपट करणाऱ्याला मात्र शून्य. पाच दोषगुण झाले की मल्ल बाहेर. ५७ किलोच्या बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले आणि शेवटच्या तिघांत जागा मिळवली. तिथे जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह या दोघांकडून ते हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य मिळाले. या दोन लढतींमध्ये नियमाप्रमाणे अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती. ती मिळाली नाही आणि हरकत घ्यायला भारतीय पथकाचा कोणी अधिकारी जवळ नव्हता, असे सांगितले जाते.

पुढे काय झाले?

परतल्यावर बैलगाड्यांची लांबलचक मिरवणूक निघाली. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६चे मेलबर्न ऑलिम्पिक हुकले. सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर दीड दशक उलटल्यावर. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेवेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले.

खर्डेकरांचे घर मात्र इतके दिवस थांबले नाही. हेलसिंकीहून आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने घेतली, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून ते गहाणातून सोडवून दिले.