ख्रिस्तवासी रे. नारायण वामन टिळक : एक प्रेमळ गृहस्थ

रे. टिळकांची गीते आपण खेड्यापाड्यांच्या उपासनेत वारंवार गातो. परंतु हे कविवर्य आपल्या घरात कसे वागत, हे पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या मंडळ्यांकरिता त्यांच्या संसाराची हकीकत थोडक्यात देत आहोत.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुळात झाला. पुढे नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी लक्ष्मीबाई त्यांची पत्नी झाली. टिळकांचा स्वभाव मोठा विलक्षण. राग चटकन यावा, चटकन मावळावा आणि मागून हसू लोटावे. पैसा त्यांच्या हाती ठरत नसे. कोणी गरजू भेटला की खिसा रिकामा झालाच! संसाराची ओढाताण मात्र लक्ष्मीबाईंस सोसावी लागे.

१८९३ साली आगगाडीत एका परक्या प्रवाशाने त्यांस शास्त्र वाचण्यास दिले. ते वाचता वाचता मन पालटले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसापासून घर दुभंगले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूस घेऊन आप्तांच्या आश्रयास राहिल्या. ही ताटातूट काही वर्षे चालली. पुढे त्या पतीकडे आल्या, तरी आपले सोवळे व निराळी चूल घेऊनच आल्या. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. अखेर जातिभेद मनुष्यांनी केला की देवाने, याचा लक्ष्मीबाईंनी आपल्याशीच विचार केला, सोवळे आपल्याच हाताने सोडले आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतर अहमदनगरचे त्यांचे घर म्हणजे जणू धर्मशाळाच होती. पोरकी मुले, विद्यार्थी, पाहुणे, सर्वांस तेथे थारा मिळे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात नावाजलेले बालकवी ठोंबरे त्या घरी पुत्रवत राहिले. टिळकांस फुलामुलांचे कवी म्हणतात, ते उगीच नव्हे. लक्ष्मीबाईंस लिहिण्याची गोडी लागली तीही त्यांच्याच सहवासात.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक ख्रिस्ताठायी निजले. पुढे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. तीत पतीचा विसराळूपणा, संताप, औदार्य, काहीच त्यांनी लपविले नाही. तरी वाचणारा हसता हसता त्या पुरुषावर प्रेम करू लागतो. आपल्या माणसाचे दोष असे हसून सांगता येणे, हे त्याच्या प्रेमळपणाचे केवढे प्रमाण!

बंधुभगिनींनो, आपल्या गावांतही एकाने बाप्तिस्मा घ्यावा व घरच्यांनी दूर राहावे, असे घडते. अशा वेळी वादाने दार बंद होते. धीराने व हसऱ्या मुखाने ते उघडे राहते. उपदेशकाची परीक्षा चावडीपुढे होते खरी, पण त्याआधी ती त्याच्या चुलीपाशी होते. टिळकांच्या घराकडे पाहून आम्हांस हेच शिकावयाचे आहे.