गृहस्थाचा अपरिग्रह

गीतेच्या सहाव्या अध्यायात योगसाधकाची लक्षणे सांगताना भगवंतांनी अपरिग्रहाचा आवर्जून उल्लेख केला आहे. हा उपदेश एकांतवासी यतीला शोभतो. बायकामुलांच्या संसारात तो कसा आचरावा, अशी शंका पुष्कळ सद्गृहस्थांच्या मनात येते. महात्मा गांधींनाही ती आली होती. तिचा पहिला निर्णय मात्र त्यांना ग्रंथ उघडून नव्हे, तर घरातील दागिन्यांची पेटी उघडून करावा लागला.

१८९३ साली वकिलीच्या निमित्ताने दक्षिण आफ्रिकेत गेलेले गांधीजी १९०१ साली स्वदेशी परतण्यास निघाले, तेव्हा नाताळमधील हिंदी बांधवांनी त्यांना सोन्याचांदीच्या व हिऱ्यांच्या मौल्यवान भेटी अर्पण केल्या. त्यांत कस्तुरबांसाठी पन्नास गिनी किमतीचा सोन्याचा हार होता. बहुतेक भेटी ज्या दिवशी हाती आल्या, त्या रात्री गांधीजींच्या डोळ्याला डोळा लागला नाही. ते खोलीत येरझारा घालीत राहिले. सेवेचे मोल घेतले तर ती सेवा कसली राहिली? ज्या मुलांना आपण साधेपणा शिकवितो, त्यांच्यासमोर हे जडजवाहीर कसे ठेवावे? अखेर त्यांनी सर्व भेटी समाजकार्यासाठी विश्वस्तनिधी म्हणून ठेवण्याचे ठरविले आणि पारशी रुस्तमजी प्रभृतींना विश्वस्त नेमण्याचा मसुदा लिहिला.

मुलांनी तत्काळ संमती दिली. कस्तुरबांची समजूत मात्र सहजी पटेना. त्यांचे म्हणणे असे की, स्वतःला दागिन्यांची हौस नसली तरी उद्या सुना घरात येतील, त्यांच्या अंगावर काय घालावयाचे? शिवाय हार आपणास मिळालेला आहे, त्यावर पतीचा अधिकार कोणता? पतीच्या सेवेबद्दल तो मिळाला असे म्हणावे, तर त्या सेवेसाठी घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे सारे आपणच रात्रंदिवस केले, ती सेवा नव्हे काय? हे बोलताना त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. हे शब्द गांधीजींच्या जिव्हारी लागले. तथापि निश्चय ढळला नाही. कशीबशी संमती मिळवून त्यांनी १८९६ च्या आणि १९०१ च्या सर्व भेटी परत केल्या. विश्वस्तपत्र होऊन तो निधी बँकेत ठेवण्यात आला. या कृत्याचा त्यांना पुढे कधी पश्चात्ताप झाला नाही, आणि कालांतराने कस्तुरबांनाही त्यातील शहाणपण पटले. तरीपण त्या दिवशीचा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता, हे वाचकांनी विसरू नये.

पुढे १९०३ साली जोहान्सबर्ग येथे गांधीजींनी काही थिऑसॉफिस्ट मित्रांसह गीतेचे अध्ययन आरंभिले. सकाळी दात घासताना समोरच्या भिंतीवर श्लोक चिकटवून ते पाठ करीत. असे तेरा अध्याय त्यांनी मुखोद्गत केले. अपरिग्रह या शब्दाने त्यांना पुन्हा अडविले. देह हाही परिग्रहच, पुस्तकांनी भरलेली कपाटे हाही परिग्रहच. मग घरदार जाळून टाकावे काय? येथे त्यांच्या कायद्याच्या अभ्यासाने प्रकाश दिला. विश्वस्ताच्या ताब्यात अपार धन असते, पण त्यातील एक कवडीही तो आपली मानीत नाही. गृहस्थाचा अपरिग्रह तो हाच.

अर्थ कळताच आचरण आले. मुंबईत असताना एका विमा एजंटाच्या बोलण्यावरून त्यांनी दहा हजार रुपयांचा विमा उतरविला होता. तो त्यांनी बंद करविला. आपल्या मागे बायकामुलांचा योगक्षेम परमेश्वर पाहील, ही त्यामागील श्रद्धा होती. वडील बंधूंनाही त्यांनी कळविले की, यापुढील शिल्लक कुटुंबासाठी नसून समाजासाठी राहील. पित्याच्या ठिकाणी असलेल्या बंधूंना याने फार दुःख झाले आणि पत्रव्यवहार थांबला. आयुष्याच्या अखेरीस मात्र त्यांनी धाकट्या भावाची भूमिका समजून घेऊन ममतेने पत्र लिहिले.

१९३० साली गांधीजींचे गीतेचे गुजराती भाषांतर प्रसिद्ध झाले. त्याला त्यांनी अनासक्तियोग हे नाव दिले. १९४४ साली पुण्याच्या आगाखान महालात, बंदिवासात, कस्तुरबांनी देह ठेवला, तेव्हा त्यांना पतीने कातलेल्या सुताची साडी नेसविण्यात आली. एके काळी हारासाठी अश्रू ढाळणाऱ्या त्या साध्वीचे हेच अंतिम भूषण ठरले. १९४८ साली गांधीजी गेले, तेव्हा त्यांच्या मागे चष्मा, घड्याळ, चपला, जेवणाची भांडी अशा मोजक्याच वस्तू उरल्या होत्या.

आपल्या घरांतही माळे, पेट्या आणि कपाटे भरलेली असतात. त्यांतील किती वस्तू वर्षानुवर्षे कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत! त्या ज्यांना हव्यात त्यांच्यापर्यंत पोहोचविणे हे विश्वस्ताचे कर्तव्य होय. मात्र आरंभ स्वतःच्या कपाटापासून करावा. पत्नीच्या पेटीस हात घालण्यापूर्वी तिचे श्रम आठवावेत आणि तिचे म्हणणे ऐकावे. घरातील सर्वांच्या प्रसन्न संमतीने झालेला त्यागच घराला शांती देतो.