वाऱ्यावर शाळा उजळवणारे गुरुजी : पॉल ला कूर



साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्या मुलांनी सहलीत नाहीतर फोटोत बघितलेल्या असतात. आमच्या पोखर्णीतही मुलं विचारतात, सर, वाऱ्यापासून वीज कशी होते? याचं उत्तर शोधण्यात एका शाळेतल्या गुरुजींचा मोठा वाटा आहे.

पॉल ला कूर यांचा जन्म १३ एप्रिल १८४६ रोजी डेन्मार्कमध्ये झाला. हवामान खात्यातली चांगली नोकरी सोडून ते १८७८ मध्ये आस्कोव्ह या खेड्यातील लोकशाळेत शिकवू लागले. तिथे शेतकऱ्यांची तरुण मुलं-मुली शिकायला येत. तेव्हा शहरात विजेचे दिवे लागू लागले होते, पण खेडी अंधारातच होती. वीज फक्त शहरालाच का? हा प्रश्न गुरुजींना स्वस्थ बसू देईना.

१८९१ मध्ये त्यांनी शाळेजवळच प्रयोगासाठी पवनचक्की उभारली. पण वारा बेभरवशाचा! तो पडला की वीज बंद. मग त्यांनी त्या विजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन वायू साठवला. १८९५ पासून त्याच वायूच्या दिव्यांनी शाळा उजळली. हे काम धोक्याचं होतं. हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळला की स्फोट व्हायचा, खिडक्यांच्या काचा फुटायच्या. गुरुजी काचा बसवून पुन्हा कामाला लागायचे. पुढे त्यांनी बॅटऱ्या वापरून गावालाही वीज दिली.

वारा कमी-जास्त झाला तरी वीज एकसारखी मिळावी म्हणून त्यांनी वजन आणि कप्प्यांचं एक साधं यंत्र तयार केलं. पात्यांचे छोटे नमुने कृत्रिम वाऱ्यात तपासले. विजेसाठी पुष्कळ पात्यांपेक्षा थोडी, वेगाने फिरणारी पातीच जास्त उपयोगी, हे त्यांनी दाखवून दिलं.

यंत्र बसवलं पण बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार? म्हणून त्यांनी खेड्यातल्या तरुणांसाठी वीजतंत्रीचे वर्ग काढले. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॅटची तीन पात्यांची पवनचक्की उभारली. आजच्या पवनचक्क्या त्याच वळणाच्या आहेत.

२४ एप्रिल १९०८ रोजी गुरुजींचं निधन झालं. त्यांनी घडवलेले विद्यार्थी मात्र काम पुढे नेत राहिले.

कृती : पुठ्ठ्याची तीन पात्यांची आणि बारा पात्यांची अशा दोन भिंगऱ्या मुलांकडून करून घ्या. कोणती जास्त वेगाने फिरते? उत्तर आपण सांगू नका, मुलांनाच मोजू द्या.