वाळवंटात शिरण्याआधी गाडीच्या चाकातली हवा का सोडतात? उत्तर आहे राल्फ बॅगनॉल्ड

सुट्ट्यांचा मोसम आला की फोनवर दुबईच्या रील्सचा पूर येतो. कुणाच्या मेव्हण्याची फॅमिली टूर, कुणाच्या कंपनीची डीलर मीट. त्यात एक सीन ठरलेला. वाळूच्या टेकडीवरून ड्यून बग्गी झेपावते, शेजारच्या उतारावरून कुणीतरी फळीवर उभं राहून घसरत येतं आणि मागे सगळ्यांचा आरडाओरडा. पण त्याआधीचा एक सीन बहुतेक रील्समधून कापलेला असतो. डांबरी रस्ता संपतो तिथे ड्रायव्हर गाडी थांबवतो, खाली उतरतो आणि चारही चाकांतली निम्मी हवा फुस्स करून सोडून देतो.

सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत चहाच्या सुट्टीत असा व्हिडिओ बघणाऱ्याला हे अजबच वाटणार. सोलापूर-पुणे महामार्गालगतची ही वसाहत. प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना इथलाच आणि इथले कॅमशाफ्ट देशोदेशीच्या मोटारींत जातात. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या झडपा नेमक्या वेळी उघडणारा-मिटणारा दांडा, त्यात केसभराचा फरक चालत नाही. एवढं चोख काम करायचं आणि शेवटी गाडी वाळूत नेताना टायर मुद्दाम बसवायचे?

पण खरं तेच आहे. इंजिनात कितीही दम असू दे, वाळूत गाडी पळणार की रुतणार हे चाक ठरवतं. काळ्या मातीत उसाची ट्रॉली फसली की चाकाखाली पाचट नाहीतर दगड टाकायचे, हे सोलापूर जिल्ह्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. वाळूचं असं शहाणपण शंभर वर्षांपूर्वी कुणाकडे फारसं नव्हतं. ते ज्याने पदरमोड करून गोळा केलं तो होता एक इंग्रज फौजी इंजिनिअर, राल्फ अल्जर बॅगनॉल्ड.

३ एप्रिल १८९६ रोजी इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टला त्याचा जन्म झाला. वडील लष्करात कर्नल. खार्टूममध्ये अडकलेल्या जनरल गॉर्डनला सोडवायला १८८४-८५ मध्ये जी मोहीम निघाली, तिच्यात तेही होते, म्हणजे सुदानच्या वाळूच्या गोष्टी घरातच ऐकायला मिळालेल्या. थोरली बहीण एनिड पुढे मोठी लेखिका झाली. एलिझाबेथ टेलरला लहान वयात स्टार बनवणारा ‘नॅशनल व्हेल्वेट’ हा सिनेमा तिच्याच कादंबरीवरचा.

राल्फ १९१५ मध्ये रॉयल इंजिनिअर्समध्ये भरती झाला आणि पहिल्या महायुद्धातली तीन वर्षं त्याने फ्रान्सच्या खंदकांत काढली. युद्ध संपल्यावर केंब्रिजमध्ये इंजिनिअरिंग शिकला, सिग्नल्स दलात गेला आणि १९२६ मध्ये नेमणुकीवर कैरोला पोचला.

कैरोतल्या इंग्रज अधिकाऱ्यांचं आयुष्य तसं मजेचं होतं. पोलो, क्लब, पार्ट्या. बॅगनॉल्डला आणि त्याच्या चार-दोन मित्रांना यात रस नव्हता. त्यांनी फोर्डच्या मॉडेल टी गाड्या घेतल्या आणि रजा मिळेल तसे ते वाळवंटात जाऊ लागले. मॉडेल टी म्हणजे जेमतेम २० हॉर्सपॉवरची गाडी, फोर-व्हील ड्राइव्ह वगैरे काही नाही. त्यांनी तिचं जे जे काढता येईल ते काढून टाकलं आणि त्या जागी पाणी-पेट्रोलचे डबे ठेवले. आधी सिनाई ओलांडून पेट्राकडे, मग १९२७ मध्ये सिवाकडे. खर्च सगळा स्वतःच्या पगारातून.

सिवाच्या दक्षिणेला इजिप्त आणि लिबियाच्या सीमेवर वाळूचा अफाट समुद्र पसरलाय. शंभर-शंभर मीटर उंच टेकड्यांच्या रांगा, एकामागून एक, शेकडो किलोमीटर. उंटांचे तांडेसुद्धा तो टाळून जायचे. मोटारीने तो आडवा पार करणं तर अशक्यच समजलं जायचं.

१९२८ ते १९३१ बॅगनॉल्डची नेमणूक हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर होती. डोक्यात मात्र वाळूच. तिथून रजा काढून तो इजिप्तला परत आला आणि १९२९ व १९३० च्या मोहिमांत त्याची टोळी फोर्डच्या नव्या मॉडेल ए गाड्या घेऊन त्या समुद्रात शिरली.

तिथे त्यांना जे कळलं त्यावर आजची प्रत्येक डेझर्ट सफारी चालते. वाळूची टेकडी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. वारा ज्या बाजूने येतो तो उतार लांब आणि सौम्य असतो, वाऱ्याने कण ठासून बसवलेले असतात, म्हणून तो बऱ्यापैकी टणक. माथ्यावरून पलीकडे पडलेली वाळू मात्र नुसती ओतल्यासारखी सैल राहते. तिचा उतार साधारण ३२ ते ३४ अंशांचा. त्याहून तीव्र झाला की वाळू आपोआप ढासळते. सँडबोर्डिंग करणारे याच बाजूने घसरतात आणि गाड्या याच बाजूला गाडल्या जातात. टणक बाजूने चढायचं, पण कसं? हळूहळू जपून गेलं की चाक रुततं. बॅगनॉल्डने एका भल्यामोठ्या टेकडीवर सरळ ताशी साठ-पासष्ट किलोमीटरने गाडी घातली. टक्कर होणार असं वाटत असताना गाडी लिफ्टमध्ये बसल्यासारखी अलगद वर चढली.

दुसरी गोष्ट हवेची. तीस-पस्तीस पीएसआय हवा भरलेला टायर कडक असतो, जमिनीला थोडासाच टेकतो. गाडीचं सगळं वजन त्या छोट्या जागेवर येतं आणि सुरी घुसावी तसं चाक आत जातं. हवा निम्म्यावर आणली की टायर पसरतो, वजन वाटलं जातं आणि चाक वाळूवर तरंगतं. उंटाचं पाऊल पसरट का असतं, त्याचंही उत्तर हेच. आजच्या बग्गीला जन्मतःच रुंद, कमी हवेचे टायर असतात, त्यामुळे हवा सोडायचं काम पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या मोठ्या गाड्यांना करावं लागतं.

तरीही गाडी फसायचीच. मग बॅगनॉल्डला कैरोच्या भंगारवाल्याकडे लोखंडी पन्हळी सापडल्या, पहिल्या महायुद्धात खंदकांवर छप्पर घालायला बनवलेल्या. फसलेल्या चाकापुढे त्या टाकायच्या आणि त्यावरून गाडी काढायची. पाचटाचीच आयडिया, फक्त लोखंडात. आज ऑफ-रोडिंगवाले गाडीच्या टपावर रंगीत प्लास्टिकच्या ज्या पट्ट्या बांधून फिरतात, त्या या पन्हळींच्या नाती.

पाण्याचा जुगाड तर बघण्यासारखा होता. रेडिएटर उकळला की वाफ वाया जाते आणि वाळवंटात पाणी म्हणजे जीव. त्यांनी रेडिएटरची नळी अर्धवट पाणी भरलेल्या एका डब्यात सोडली. वाफ त्यात जाऊन थंड व्हायची. मग गाडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवायची, इंजिन निवलं की डब्यातलं पाणी रेडिएटर स्वतःच परत ओढून घ्यायचा. दिशेसाठी साधं होकायंत्र चालेना, गाडीचं लोखंड त्याची सुई भरकटवतं. म्हणून अंश आखलेल्या गोल तबकडीच्या मधोमध उभी सुई लावून तिच्या सावलीवरून दिशा काढणारं सूर्य-होकायंत्र त्याने गाडीवर बसवलं, म्हणजे चालत्या गाडीतही दिशा कळायची.

आता हे सगळं एकट्या बॅगनॉल्डने शून्यातून शोधलं असं मात्र नाही. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या हलक्या मोटारींच्या तुकड्या याच वाळवंटात फिरल्या होत्या आणि सावलीचं होकायंत्र त्यांनीही वापरलं होतं. बॅगनॉल्डचं मोठेपण यात की त्याने सुट्या सुट्या युक्त्यांची एक पक्की पद्धत बनवली. १९३२ च्या मोहिमेत त्याच्या टोळीने जवळपास १०,००० किलोमीटर अंतर कापलं.

१९३५ मध्ये तो लष्करातून निवृत्त झाला. पण एका प्रश्नाने त्याचा पिच्छा सोडला नव्हता. वाळू तर निर्जीव, मग तिच्या टेकड्या इतक्या रेखीव कशा? त्या आकार न मोडता पुढे कशा सरकतात? भौतिकशास्त्रात यावर फारसं काहीच नव्हतं. मग या माजी मेजरने लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये स्वतः वाऱ्याचा बोगदा बांधला आणि त्यात वाळू उडवत बसला.

उत्तर गमतीशीर निघालं. वारा वाळूला उचलून ढगासारखा नेत नाही. कण उड्या मारत जातात. एक कण उडतो, पुढे जाऊन आदळतो, आदळताना आणखी कणांना उडवतो. म्हणूनच खऱ्या वाळूच्या वादळात पायांना, कमरेला कण झोंबत असतात आणि उंच माणसाचं डोकं मात्र बऱ्याचदा मोकळ्या हवेत असतं. दुसरं म्हणजे, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर वाळू दुप्पट नाही, ढोबळमानाने आठपट वाहते. १९३८ मध्ये तो हे आकडे ताडून बघायला पुन्हा इजिप्तच्या वाळवंटात गेला. १९४१ मध्ये ‘द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स’ हे पुस्तक आलं. या विषयात आजही तिथूनच सुरुवात करतात.

पण पुस्तक छापून येईपर्यंत जग पेटलं होतं. १९३९ मध्ये बॅगनॉल्डला पुन्हा लष्करात बोलावलं आणि पूर्व आफ्रिकेकडे रवाना केलं. वाळवंटाचा सगळ्यात मोठा जाणकार आणि त्याला पाठवलं भलतीकडे. भूमध्य समुद्रात त्याच्या जहाजाची टक्कर झाली, दुरुस्तीसाठी ते पोर्ट सैदला थांबलं आणि हा पठ्ठ्या रेल्वेने कैरोला जुन्या मित्रांना भेटायला गेला. त्याची बातमी पेपरात छापून आली आणि जनरल वेव्हेलपर्यंत पोचली. वेव्हेलने त्याला इजिप्तमध्येच ठेवून घेतलं. हाच वेव्हेल पुढे १९४३ मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला.

वाळवंटात खोलवर जाणारी मोटारींची तुकडी काढू द्या, हा बॅगनॉल्डचा प्रस्ताव वरच्या साहेबांनी दोनदा फेटाळला. १० जून १९४० रोजी इटली युद्धात उतरली आणि चित्र पालटलं. लिबियात इटलीचं सैन्य इंग्रजांच्या कितीतरी पट होतं. आता वेव्हेलने थेट परवानगी दिली आणि मुदत दिली फक्त सहा आठवड्यांची. बॅगनॉल्डने जुने सवंगडी गोळा केले, न्यूझीलंडचे जवान घेतले. त्यांतले बरेच शेतकरी, गाड्या दुरुस्त करण्यात वाकबगार. दीड टनी शेवरोले ट्रक कैरोच्या विक्रेत्याकडून घेतले, काही इजिप्तच्या सैन्याकडून मागून आणले. यातून उभं राहिलं ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’.

इटालियनांच्या नकाशावर ज्या बाजूने शत्रू येणं शक्यच नव्हतं, त्या बाजूने ही माणसं यायची. जानेवारी १९४१ मध्ये त्यांनी कैरोपासून दोन हजार किलोमीटरहून लांबच्या मुर्झुकवर हल्ला केला. पुढे त्यांचं खरं काम झालं टेहळणीचं. शत्रूच्या मागे किनाऱ्यालगतच्या हमरस्त्याकडे लपून बसायचं आणि जाणारा प्रत्येक ट्रक, प्रत्येक रणगाडा मोजून कैरोला वायरलेसने कळवायचं. १९४२ मध्ये भारतीय जवानांच्या गस्ती तुकड्याही त्यांच्यासोबत होत्या.

त्याच वाळवंटात मराठी पोरंही लढत होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण जून १९४२ मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा जर्मनांच्या हाती सापडली. बॅगनॉल्डच्या गटाचं काम कुणासाठी होतं, हे समजायला एवढं पुरेसं आहे.

वाळूने या गटाकडूनही किंमत वसूल केली. मुर्झुकनंतर झालेल्या चकमकीत गाड्या गमावलेले चार जण शरण न जाता जेमतेम पाण्यावर दहा दिवस चालत राहिले, सुमारे ३४० किलोमीटर. त्यांतला एक सुटका झाल्यावर दगावला. सप्टेंबर १९४२ मध्ये कॅप्टन टिम्पसनची जीप टेकडीच्या धारदार माथ्यावरून उडून पलीकडे आदळली. तो जखमी झाला आणि सोबतच्या जवानाच्या पाठीचा कणा गेला. माथ्यापलीकडे उतार आहे की कडा, हे चढताना दिसत नाही. बग्गीच्या टूरवर गाइडच्या मागेच राहायला सांगतात आणि माथ्यावर वेग कमी करायला लावतात, ते याचसाठी. पैसे भरलेत म्हणून हौसेने पुढे काढणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

बॅगनॉल्डने १९४१ मध्येच गटाची सूत्रं गाय प्रेंडरगास्टकडे सोपवली होती. १९४४ मध्ये तो ब्रिगेडियर म्हणून लष्करातून बाहेर पडला. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्याला फेलो करून घेतलं. पन्नाशीत, १९४६ मध्ये, त्याने डोरोथी प्लँकशी लग्न केलं, दोन मुलं झाली. नंतरची अनेक वर्षं नद्या गाळ कसा वाहून नेतात यावर काम केलं. दरम्यान अमेरिकेत ब्रूस मायर्सने १९६४ मध्ये फोक्सवॅगनचे भाग वापरून फायबरच्या बॉडीची ‘मायर्स मँक्स’ ही बग्गी बनवली आणि वाळूत गाडी घालणं हा चैनीचा खेळ झाला.

१९७७ मध्ये नासाने पृथ्वी आणि मंगळावरच्या वाळवंटांवर परिषद भरवली तेव्हा बीजभाषणाला ८१ वर्षांच्या बॅगनॉल्डला बोलावलं. मंगळाच्या फोटोंत दिसणाऱ्या टेकड्यांचा अर्थ लावायला त्याचंच जुनं पुस्तक उपयोगी पडत होतं. २८ मे १९९० रोजी, ९४ व्या वर्षी, तो गेला.

मंगळावरच्या गेल विवरात आज ‘बॅगनॉल्ड ड्यून्स’ नावाच्या काळपट वाळूच्या टेकड्या आहेत. २०१५ च्या अखेरीस नासाची क्युरिऑसिटी ही गाडी तिथे पोचली. त्याआधी २००९ मध्ये स्पिरिट नावाची गाडी मंगळाच्या भुसभुशीत मातीत रुतली होती, ती पुन्हा निघालीच नाही. त्यामुळे या वेळी चालवणारे फार जपून होते. क्युरिऑसिटीची चाकं अ‍ॅल्युमिनियमची आहेत, सोडायला त्यांत हवाच नाही.