योहान केपलर आणि काचेंत अडकलेला प्रकाश

उन्हाळ्यांत विहिरींत बुडी मारून पाण्याखालीं डोळे उघडणाऱ्या मुलांनीं एक गोष्ट अंधुक कां होईना पाहिलेली असते. डोक्यावर आकाशाचा एक वाटोळा तुकडा दिसतो, आणि त्याच्या भोंवतीं पाण्याचें पृष्ठ आरशासारखें चकाकतें. वर तर नुसती हवा. मग हा आरसा कोठून आला? काचेच्या बाबतींत ह्या प्रश्नाचा ज्यानें मोजमाप करून उलगडा केला, त्या योहान केपलरचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

केपलर 27 डिसेंबर 1571 रोजीं जर्मनींतील वाइल नामक लहानशा गांवीं जन्मला. बाप भाडोत्री शिपाई. तो लढाईवर गेला तो शेवटीं परतलाच नाहीं. बाळपणीं देवीच्या आजारानें मुलाची दृष्टि अधू झाली. दूरचें त्यास अस्पष्ट दिसे, व एका चंद्राच्या जागीं अनेक दिसत. दृष्टीविषयीं ज्यानें जगास इतकें शिकविलें त्याचे स्वतःचे डोळे असे होते.

ट्यूबिंगन येथें तो पाळक होण्याकरितां शिकत होता; परंतु 1594 सालीं, अभ्यास पुरा होण्यापूर्वींच, त्याला ग्राट्स शहरीं गणिताचा शिक्षक म्हणून पाठविण्यांत आलें. तेथील राजसत्तेनें लूथरपंथीयांस पंथ सोडा किंवा देश सोडा असें फर्माविलें, तेव्हां 1600 सालीं त्यानें देश सोडला. प्राग येथें ट्यूको ब्राहे ह्या ज्योतिष्यानें त्यास आश्रय दिला, आणि पुढच्या वर्षीं ब्राहे वारल्यावर बादशहानें त्याची जागा केपलरला दिली. ग्रहांच्या मार्गांविषयींचे त्याचे नियम शाळांतून शिकवितात, म्हणून त्यांचा विस्तार येथें करीत नाहीं.

1610 सालीं गॅलिलिओनें दुर्बिणीनें पाहिलेल्या गोष्टी प्रसिद्ध केल्या. लोक थक्क झाले. पण नळींतील दोन भिंगें दूरचें जवळ कसें आणितात हें कोणास नीट सांगतां येईना. केपलरनें उसन्या दुर्बिणींतून आकाश पाहिलें आणि थोड्याच दिवसांत भिंगांवर एक पुस्तक लिहिलें. तें 1611 सालीं छापलें.

त्यांतील एक विचार असा. हवेंतून काचेंत शिरणारा किरण लंबाकडे वळतो. किरण कितीहि तिरपा केला, अगदीं काचेस घासून आणिला, तरी आंत तो लंबाशीं सुमारें 42 अंशांहून अधिक कलत नाहीं. मग आंतून निघालेला किरण 42 अंशांहून अधिक कललेला असेल तर त्यानें बाहेर जावें कोठें? बाहेर त्याच्याकरितां वाटच उरत नाहीं. तो सगळाच्या सगळा आंत परततो. चांदीचा लेप दिलेल्या आरशांतहि थोडा प्रकाश वायां जातो, येथें तितकाहि जात नाहीं. ह्या मर्यादेस आतां क्रांतिक कोन म्हणतात. पाण्यास तो सुमारें 49 अंशांचा असतो, म्हणून बुडी मारणाऱ्यास आकाश वाटोळें दिसतें. केसासारख्या काचतंतूंतून आज दूरदूरचे संदेश जातात व डॉक्टर रोग्याच्या पोटांत पाहतात, तें ह्याच नियमावर.

किरण किती वळतो ह्याचा खरा नियम मात्र केपलरला सांपडला नाहीं. इंग्लंडांतील हॅरियट ह्यास तो ठाऊक होता. केपलरनें पत्रें लिहिलीं, परंतु त्यानें कांहीं आंकडे पाठविले आणि नियम आपल्यापाशींच ठेविला. तो नियम पुढें 1621 सालीं हॉलंडांत स्नेल ह्यास सांपडला. केपलरनें आपला नियम लहान कोनांपुरताच, सुमारें 30 अंशांपर्यंतच, चालतो हें स्पष्ट लिहून ठेविलें, हें आम्हांस विशेष वाटतें.

पुस्तक छापलें त्याच वर्षीं त्याचा सहा वर्षांचा मुलगा देवीनें गेला व पत्नीहि वारली. 1612 सालीं तो लिंट्स शहरीं गेला. तेथील पाळकानें मतपत्रकावर सही मागितली. ख्रिस्ताचें शरीर सर्वत्र आहे ह्या एका कलमास केपलरचें मन कबूल होईना. न पटलेल्या वचनाखालीं त्यानें नांव घातलें नाहीं, म्हणून त्यास प्रभुभोजनापासून दूर ठेविलें. वरिष्ठांकडे दाद मागितली तरी निकाल तोच राहिला. विश्वासासाठीं ज्यानें घर सोडलें त्यास स्वतःच्याच मंडळीनें मेजावर घेऊं नये, ही गोष्ट आम्हां पाळकांना टोंचते.

1615 सालीं त्याच्या म्हाताऱ्या आईवर चेटकीण म्हणून आरोप आला. तिला सुमारें चौदा महिने कैदेंत ठेविलें, छळाचीं हत्यारें दाखविलीं. ती डगमगली नाहीं. केपलरनें आपलीं कामें टाकून तिचा बचाव लिहिला, आणि 1621 सालीं ती सुटली. पुढल्याच वर्षीं ती वारली.

थकलेल्या पगाराच्या विवंचनेंत प्रवास करीत असतां 15 नोव्हेंबर 1630 रोजीं रेगेन्सबुर्ग येथें केपलरला मरण आलें. गांवकुसाबाहेरच्या प्रॉटेस्टंट स्मशानभूमींत त्यास पुरलें. थोड्याच वर्षांत युद्धाच्या धामधुमींत ती जागा उद्ध्वस्त झाली, आणि त्याच्या कबरेचा दगडहि राहिला नाहीं.