दोनदा राष्ट्राध्यक्षपदावर लाथ मारणारा सीरियाचा नेता : हाशिम अल-अतासी

सीरिया म्हटलं की लष्करी बंडं आणि खुर्चीला चिकटलेले हुकूमशहा आठवतात. पण याच देशात एक नेता असा होऊन गेला, ज्यानं राष्ट्राध्यक्षपद दोनदा स्वतःहून सोडलं.

हाशिम अल-अतासी यांचा जन्म १८७५ सालचा, होम्स शहरातल्या बड्या घराण्यातला. तेव्हा सीरियावर ऑटोमन साम्राज्याची सत्ता होती. इस्तंबूलला शिकून अतासी सरकारी अधिकारी झाले.

पहिल्या महायुद्धात साम्राज्य कोसळलं. मार्च १९२० मध्ये दमास्कसमधल्या सीरियन काँग्रेसनं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि फैजल यांना राजा केलं. या काँग्रेसचे अध्यक्ष अतासी होते. मे महिन्यात ते पंतप्रधानही झाले.

पण हे राज्य काही महिनेच टिकलं. बड्या राष्ट्रांनी सीरियाचा ताबा फ्रान्सला देऊन टाकला होता. २४ जुलैला मैसलूनच्या लढाईत फ्रेंच फौज जिंकली आणि सगळं संपलं.

अतासींनी मग लढाईचा मार्ग न धरता वाटाघाटींचा धरला. १९३६ मध्ये सीरियात मोठा संप झाला. फ्रान्स नमला आणि अतासी शिष्टमंडळ घेऊन पॅरिसला गेले. स्वातंत्र्याकडे नेणारा करार झाला आणि त्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्ष झाले.

मात्र फ्रान्सच्या संसदेनं हा करार कधी मंजूरच केला नाही. वर अलेक्झांड्रेटा हा प्रदेश तुर्कस्तानला देऊन टाकला. नावापुरतं पद काय कामाचं? जुलै १९३९ मध्ये अतासींनी राजीनामा दिला.

१९४६ मध्ये फ्रेंच फौजा गेल्या, पण १९४९ या एकाच वर्षात तीन लष्करी बंडं झाली. अतासी पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले. खरी सूत्रं लष्करी अधिकारी शिशकली यांच्या हातात होती. १९५१ मध्ये त्यांनी सरकारच उलथवल्यावर अतासींनी दुसऱ्यांदा राजीनामा दिला.

या राजीनाम्यांनी ना फ्रान्स थांबला, ना लष्कर. पण दोन्ही वेळा आपल्या सहीनं परक्याचा किंवा बंदुकीचा कारभार चालू द्यायला त्यांनी नकार दिला.

१९५४ मध्ये शिशकली देश सोडून पळाले आणि अतासी परतले. १९५५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी निवडून आलेल्या शुक्री अल-कुवतली यांच्याकडे कारभार सोपवला. १९६० मध्ये त्यांचं निधन झालं.