खराटा आणि हशा

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मला विनोदी कार्यक्रमाचे पहिले बक्षीस मिळाले. हातात माईक घेऊन एकट्याने उभे राहायचे आणि दहा मिनिटे लोकांना हसवायचे. मोठ्या शहरांतून याला स्टँड-अप कॉमेडी म्हणतात. आमच्या धर्माबादेत ती मोबाईलवरून येऊन पोहोचली आहे. विषय म्हणून मी आमच्याच वर्गातला एक मित्र निवडला. घरी तेलुगू, बाजारात हिंदी आणि वर्गात मराठी, अशी त्याची तीन भाषांची कसरत. पहाटे मोंढ्यात मिरचीची पोती उचलून तो कॉलेजला येतो आणि दिवसभर शिंकत असतो. त्याचे उच्चार, त्याच्या शिंका, सारे मी हुबेहूब केले. पोरांनी मंडप डोक्यावर घेतला. कुणीतरी ते मोबाईलवर टिपले आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर फिरले. मित्र पुढे आठ दिवस कॉलेजात आला नाही. आला, तेव्हापासून मागच्या बाकावर बसू लागला.

आमच्या मराठीच्या सरांनी मला बोल लावला नाही. ग्रंथालयातून एक पुस्तक काढून माझ्या हातावर ठेवले, एवढेच. प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले ते गाडगेबाबांचे चरित्र होते. मला ठाऊक होते ते ग्रामस्वच्छता अभियानाच्या फलकावरचे, हाती खराटा घेतलेले बाबा. या माणसाचा आणि हसण्याचा काही संबंध असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हते.

डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे मूळ नाव. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. डेबूने तेथे गुरे राखली, नांगर धरला. शाळेचे तोंड मात्र पाहिले नाही. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. व्यसन, कर्ज आणि अज्ञान या तिन्ही वैऱ्यांची ओळख त्यांना पुस्तकातून नव्हे, घरातूनच झाली. पुढे लग्न झाले. मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू-मटणाची पंगत देण्याची रीत होती. डेबूजींनी ती मोडली आणि गोड जेवण वाढले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर मातीचे गाडगे आणि हातात खराटा. गाडग्यातच खायचे, त्यातच प्यायचे. लोकांनी त्यावरूनच नाव ठेवले. वेड्यासारखा दिसणारा हा माणूस गावात शिरला की आधी रस्ते झाडीत असे. पोरे टोपण नावे ठेवीत, थोरले हाकलून देत. आणि रात्री कीर्तनाला जमलेल्या मंडळींना कळे, की सकाळी ज्याला आपण हसलो तोच आज आपल्यापुढे उभा आहे!

एकट्याने सभा जिंकण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. आपल्या मराठवाड्याचे प्रा. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगात एकटेच ५२ पात्रे उभी करीत. पण बाबांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्या कीर्तनात पोथी नव्हती, शास्त्रार्थ नव्हता. खास वऱ्हाडी बोलीत ते समोरच्यांना प्रश्न विचारीत आणि समोरचे उत्तर देत. देवाला अंघोळ कोण घालतो, धोतर कोण नेसवतो, नैवेद्याकडे कुत्रे आले तर हाकलतो कोण, असे साधे साधे प्रश्न. उत्तर एकच येई, की माणूस. मग ज्याला स्वतःचा नैवेद्य राखता येत नाही तो तुमचे कर्ज कसे फेडणार, इथपर्यंत श्रोते हसत हसत स्वतःच येऊन पोहोचत. उपदेश केला तर माणूस कान मिटून घेतो. पण स्वतःच्या तोंडून निघालेले उत्तर त्याला नाकारता येत नाही. बाबांच्या विनोदाचे सारे बळ येथे होते. नवसाचे बोकड, कर्ज काढून केलेले लग्न, दारू, शिवाशीव यांचा ते असाच समाचार घेत. हसून दमलेल्या माणसांना मग ते सांगत, की पोटाला चिमटा घ्या, भांडी मोडा, पण लेकराला शाळेत घाला.

त्या हशामागे काय दडले होते, हे १९२३ सालच्या एका प्रसंगावरून कळते. कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. ते वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो.

लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी घाट, धर्मशाळा, सदावर्ते आणि शाळा उभ्या केल्या. ऋणमोचनला पूर्णेकाठी घाट बांधला, नाशिक, आळंदी, पंढरपूरला धर्मशाळा बांधल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा केला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. स्वतः मात्र त्यांतल्या एकाही इमारतीत हक्काने राहिले नाहीत. कुणाला पाया पडू दिले नाही, कुणाला शिष्य म्हटले नाही. बाबासाहेबांचे निर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले, आणि अवघ्या १४ दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबांनीही देह ठेवला.

त्यापूर्वी ८ नोव्हेंबरला मुंबईत वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले होते. ज्या मोबाईलवर माझी नक्कल फिरली, त्याच मोबाईलवर मी ते ऐकले. आवाज थकलेला, पण प्रश्न तसेच टोकदार, आणि मधूनमधून उसळणारा लोकांचा हशा! मी कान देऊन ऐकत होतो, की हे लोक नेमके कुणाला हसताहेत? ते स्वतःलाच हसत होते. चरित्रातही मला एक प्रसंग असा सापडला नाही, की बाबांनी एखाद्या दुबळ्याला, अडाण्याला वा रोग्याला चारचौघांत उभे करून हशा मिळवला. सर्वांत आधी त्यांनी स्वतःलाच हास्यास्पद करून घेतले होते, डोक्यावर गाडगे ठेवून.

मित्रहो, विनोद हा खराटाच आहे. बाबांनी तो रस्त्यावरच्या घाणीवर चालवला. मी तो रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसावर उगारला होता.

दिवाळीनंतर मी मित्राच्या घरी जाऊन माफी मागितली. तो काही बोलला नाही. त्याच्या आईने जेवायला वाढले. मी ऐकीव तेलुगूत पाणी मागितले. काय मागितले देव जाणे, पण त्या माउलीने मिठाची बरणी पुढे केली आणि मायलेक हसू लागले. यंदाच्या संमेलनात मी तोच किस्सा सांगितला. बक्षीस मिळाले नाही. मित्र तिसऱ्या रांगेत बसला होता. हसता हसता त्याला शिंक आली आणि आम्ही दोघेही पुन्हा हसलो.